वाढवलेल्या बांगड्या

आमच्या भागात बांगडी फुटत नाही, ती वाढते. हातातून निसटून दगडावर पिचली तरी बाई म्हणते, 'बांगडी वाढवली.' फुटली म्हणणं अभद्र. नारळ वाढवतात, दिवा वाढवतात, आणि नवरा गेलेल्या बाईचं कुंकू पुसतात तेव्हाही ते वाढवलं असंच म्हणतात. १९८५ साली पंचगंगेच्या घाटावर, वडिलांच्या दहाव्याला, माझ्या आईच्या बांगड्या दगडाने 'वाढवताना' मी पाहिलं. मी अकरा वर्षांची होते. तेव्हापासून हा शब्द माझ्या तोंडून निघत नाही.

ज्या बाईचं ऋण मांडायला मी बसले आहे ती त्या दिवशी घाटावर नव्हती. ती तीन दिवसांनी आली, रात्री, परसदाराने. सगळं गाव तिला कासारीण मावशी म्हणायचं आणि मीही तेवढंच म्हणणार आहे.

आमचं गाव शिरोळ तालुक्यातलं. कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा अशा चार नद्यांचं पाणी या एका तालुक्यात येतं. काळी जमीन, ऊस, आणि पावसाळ्यात जीव मुठीत. नृसिंहवाडीचा संगम आमच्यापासून सायकलीवर जाण्याएवढा. वडील काविळीने गेले तेव्हा छत्तिसाव्या वर्षात होते. आई एकतिसाची, धाकटा भाऊ पाच वर्षांचा.

घाटावरचं मला तुकड्यातुकड्याने आठवतं. आईला मळवट भरून, हिरव्या बांगड्या भरून बसवली होती. म्हणजे आदल्या दिवशी भरायच्या आणि दुसऱ्या दिवशी फोडायच्या. दगड हातात घेतला तो माझ्या आजीने, वडिलांच्या आईने. घरातली थोरली विधवा तीच. तिचा स्वतःचा मुलगा गेला होता आणि तिला हे करायला लावलं होतं. ती रडत होती आणि दगड मारत होती. पायातली जोडवी निघेनात. उन्हाने आणि उभं राहून बोटं सुजली होती. एका बाईने पाणी ओतून, पीळ देऊन ती काढली. आई एकदाच कळवळली, ती जोडव्यांच्या वेळी. बांगड्यांच्या वेळी नाही. तिच्या उजव्या मनगटात काचेचा तुकडा घुसला होता, पण त्याकडे त्या दिवशी कुणाचंच लक्ष गेलं नाही.

तीन दिवसांत मनगट सुजून टणक झालं. सव्वा महिना बाईने उंबरा ओलांडायचा नाही, तेव्हा डॉक्टरचं नाव काढायची सोय नव्हती. आजी हळद लावत होती. तेराव्याच्या रात्री परसातलं दार वाजलं आणि कासारीण मावशी आत आली. तिने कंदील जवळ घ्यायला लावला, कमरेच्या पिशवीतून सुई काढली, ज्योतीवर धरली आणि आईचा हात मांडीवर घेतला. आजी म्हणाली, "तुला जमंल व्हय?" मावशी म्हणाली, "काच हाय न्हवं? तिला मी वळखतो." आमच्याकडच्या बायका असंच बोलतात, मी येतो, मी जातो. तिने दोन बोटांनी कातडी ताणली, सुईचं टोक तिरपं घातलं आणि गव्हाच्या दाण्याएवढा हिरवा तुकडा कंदिलासमोर धरला. मग तो पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवला. जन्मभर दुसऱ्यांच्या हातात काच चढवणाऱ्या बाईने माझ्या आईच्या हातातून काच काढली.

मावशीचे स्वतःचे हात मोकळे होते. ती बाविसाव्या वर्षी विधवा झालेली. नवऱ्याची फिरतीची सात गावं होती, ती तिने पदरात दोन पोरं घेऊन धरली. डोक्यावर बांगड्यांची बुट्टी, वर सुती फडकं, पायात कोल्हापुरी झिजून पातळ झालेली. मिरजेच्या व्यापाऱ्याकडून माल आणायची; फिरोजाबादची काच, रेशमी, राजवर्खी, दोन-चार, अडीच अशा मापांच्या दोरीत ओवलेल्या माळा. कपाळावर कुंकू नव्हतं, पण दोन भुवयांच्या मध्ये आणि मनगटांवर हिरवं गोंदण होतं. लहानपणी मी त्यावरून बोट फिरवायची. ती म्हणायची, "हे कुणाला फोडता येत न्हाई बघ."

त्या रात्री काच काढून झाल्यावर तिने आईला एक गोष्ट सांगितली. तीच आमच्या घराचा पाया झाली. "म्हैन्या-दोन म्हैन्यात कागद येतील. कुणीबी आणू दे, दीर आणू दे न्हाईतर भाऊ आणू दे. सही करू नगं. अंगठाबी नगं." मग तिने सात गावांतल्या सात बायका सांगितल्या. एकीने दिवसातच सही केली, आता भावाच्या गोठ्यात झोपते. एकीला म्हणाले, पोराच्या शिक्षणाला कागद लागतो. एकीला काहीच म्हणाले नाहीत, नुसता अंगठा शाईत बुडवला. मावशीला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण बांगड्या भरताना बाईचा हात पाच-दहा मिनिटं तुमच्या हातात असतो, आणि हात हातात असला की बाई बोलते. सात गावांतल्या सगळ्या घरांचं आतलं तिच्या कानावर होतं.

कागद आला, आणि दोन महिनेही लागले नाहीत. घरातल्याच मोठ्या माणसांनी आणला. हक्कसोडपत्र. चहा झाला, पोरांचं आम्ही बघतोच म्हणून झालं. आईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि एवढंच म्हणाली, "वर्स हू दे. मग बघू." परंपरेने तिला दिलेली तेवढी एकच ढाल होती आणि तिने ती नेमकी वापरली. दुखवट्याच्या वर्षात बाईवर जोर करायचा नाही, हा संकेत तेही मोडू शकले नाहीत.

वर्ष होण्याआधीच मावशीने तिला बाहेर काढलं. वाडीला दत्ताच्या दर्शनाला जातो, असं आजीला सांगून. विधवेने देवाला जायला कुणाची ना नसते. वाडीला गेल्या, पादुकांवर डोकं ठेवलं, आणि तिथून एस.टी.ने शिरोळला. मी सोबत होते, म्हणून हे मला डोळ्यांनी माहीत आहे. सरकारी कचेरीच्या आवारात आई रांगेत उभी राहिली आणि मावशीने झाडाखाली बुट्टी उतरवली. कोर्टकचेरीला आलेल्या बायका जमल्या. दुपारपर्यंत तिने तिथे बांगड्या भरल्या, आणि मधून मधून मान वर करून आई कुठवर सरकली ते बघत राहिली. साहेब जेवायला गेले, आले, उद्या या म्हणाले. तसे चार उद्या झाले. पाचव्या खेपेला अर्ज घेतला, तो तलाठ्याकडे आला, वारस नोंदवहीत चढला. आजी, आई, मी आणि भाऊ, अशी चार नावं. आमच्या वाट्याला आली ती बत्तीस गुंठे जमीन. त्या बत्तीस गुंठ्यांतल्या उसाने मी जयसिंगपूरला कॉलेजात गेले, कोल्हापूरला विद्यापीठात गेले आणि शिक्षिका झाले.

पुढे शिकल्यावर मला कळलं की त्या चार नावांत कुणाचाही उपकार नव्हता. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मृताची विधवा, मुलगा, मुलगी आणि आई हे पहिल्या वर्गाचे वारस, सगळ्यांचा वाटा सारखा. कायदा होऊन २९ वर्षं झाली होती. तो छापलेला होता, कचेरीत होता, वकिलांच्या कपाटात होता. आमच्या उंबऱ्यापर्यंत तो बांगड्यांच्या बुट्टीतून आला, एका निरक्षर बाईच्या तोंडून. कायद्याचं नावही तिला ठाऊक नव्हतं. 'सही करू नगं' हेच तिचं कलम.

जुना समाज आणि नवा समाज यांच्यात एक भिंत आहे, अलीकडे अंधार आणि पलीकडे उजेड, असं पुष्कळ जण लिहितात. मला ते पटत नाही, कारण मी जे पाहिलं ते तसं नव्हतं. आमच्याच आसपासच्या कितीतरी जातींत पाट लावण्याची रीत पिढ्यानपिढ्या होती; नवरा गेलेली बाई दुसरं घर करायची आणि तिच्या पोरांना कुणी बोट दाखवत नसे. ज्यांच्या घरी चार पैसे आले, ज्यांना वरच्यांसारखं दिसायचं होतं, त्यांनी आधी पाट बंद केला. सोवळेपण प्रतिष्ठा म्हणून आलं. म्हणजे कडकपणाही काही घरांत नवाच होता. उलट सुधारणेची मुळं आमच्याच मातीत होती. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला. दुसऱ्याच वर्षी त्यांचा धाकटा मुलगा शिकारीत गेला तेव्हा कोवळ्या वयाच्या विधवा सुनेला, इंदुमतीदेवींना, त्यांनी कोपऱ्यात बसवलं नाही, शिकवलं. राजवाड्यातल्या लोकांचा विरोध पत्करून शिकवलं. आमच्या चावडीत महाराजांचा फोटो होता आणि २६ जूनला त्याला हार पडायचा. त्याच चावडीवर, त्याच फोटोखाली बसणारी माणसं माझ्या आईला सही करायला सांगत होती. याचा मला आजही राग येतो आणि तो कमी व्हावा असं मला वाटत नाही.

आता नागपंचमीचं सांगते. आमच्याकडे पंचमी म्हणजे बायकांचा सण. लेकी माहेरी येतात, झोपाळे बांधतात, झिम्मा-फुगडी चालते, आणि त्याआधी सगळ्या गल्लीच्या बांगड्या भरून व्हायला लागतात. मावशी दरवर्षी आमच्या गल्लीत पाटलांच्या ओट्यावर बुट्टी उतरवायची. वडील गेले त्याच्या पुढच्या पंचमीला ती सरळ आमच्या दारी आली आणि आमच्या ओट्यावर फडकं अंथरलं. विधवेच्या दारात सौभाग्याचा माल मांडायचा नसतो. गल्ली बघत राहिली. थोरल्या घरची एक बाई म्हणाली, "मावशी, हितं कुटं बसलीस? वर ये की." मावशी माळा सोडत म्हणाली, "गुडघं दुखत्यात माझं. आजपास्नं बुट्टी हितंच उतरणार. जिला भरायच्यात तिनं हितं यावं."

सात गावांत दुसरी कासारीण नव्हती. पंचमी दोन दिवसांवर होती. दुपारपर्यंत कुणी आलं नाही. मग शेजारची एक नवी सून आली, तिला माहेरी जायची घाई होती. तिच्यामागून तिची जाऊ. संध्याकाळी आमच्या ओट्यावर उभं राहायला जागा नव्हती. मावशीने आत हाक मारली, "पानी आण गं, ह्या पोरींची नरडी वाळली." आई तांब्या घेऊन बाहेर आली. गल्लीतल्या बायकांसमोर, वर्षभरात पहिल्यांदा. बायकांनी पाणी घेतलं. कुणीतरी तिच्या तब्येतीचं विचारलं, कुणी भावाच्या शाळेचं. एवढंच झालं. पण पंचमीनंतर हळदीकुंकू सोडून बाकी सगळ्याला तिला हाका येऊ लागल्या, शेवया करायला, पापड लाटायला, बाळंतिणीला बघायला. ते दार त्या संध्याकाळी उघडलं. माझ्या आईला माणसांत परत आणलं ते एका व्यापारी बाईने, स्वतःच्या धंद्याचा धाक घालून. पुढची वीस वर्षं बुट्टी आमच्याच ओट्यावर उतरली.

त्या दिवशी निघताना तिने दोन साध्या हिरव्या बांगड्या आईच्या पुढ्यात ठेवल्या. आई म्हणाली, "नगं." मावशीने आग्रह केला नाही. "घालू नगं. ठेव," म्हणाली. आईने त्या चहापत्तीच्या रिकाम्या डब्यात, जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवल्या.

आईने त्या घातल्या नाहीत, याचा मला पुढे फार राग यायचा. मी बी. ए. ला असताना सुट्टीत घरी आले आणि तिला चांगलं सुनावलं. ताराबाई शिंदे, महात्मा फुले, महर्षी कर्वे, जे काही नव्याने वाचलं होतं ते सगळं तिच्या अंगावर ओतलं. तुझ्यासारख्या बायकांमुळेच हे चालतं, असंही म्हणाले. आई भाकरी थापत राहिली. मावशी ओट्यावर होती, तिने ऐकलं. तिने मला बाहेर बोलावून शेजारी बसवलं. "तुझ्या पुस्तकातलं खरं हाय. पर तू पंधरा दिसांनी जानार. तुझी आई हितं ऱ्हाती. तिला हितल्या पान्यात पवायचं हाय, तिचं तिला पवू दे." मी तेव्हा उत्तर दिलं, वाद घातला. आज मला वाटतं की घाटावर तिला न विचारता बांगड्या फोडणारे, आणि तिला न विचारता त्या घाल म्हणून हट्ट धरणारी मी, यांच्यात मावशीला फारसं अंतर दिसलं नसणार. तिने दोन्ही वेळा आईची बाजू घेतली.

१९९८ साली माझं लग्न ठरलं. नवरीचा चुडा कासाराच्याच हातून भरायचा, भरून झाला की त्या हाताला नवरीने नमस्कार करायचा. ही जुनी रीत. त्या हातात स्वतःला बांगडी आहे का, हे मात्र कुणी कधी विचारलं नाही. सात गावांतल्या कित्येक नववधूंचं सौभाग्य एका विधवेच्या बोटांतून चढलं होतं आणि ते सगळ्यांना शुभच वाटत होतं.

मला पाटावर बसवलं. भोवती सवाष्णी. आई स्वयंपाकघरात, दाराआड. मावशीने माझा अंगठा तळहातात मुडपला, बोटांची मुळं दाबून हात निमुळता केला, पहिली बांगडी सांध्यापर्यंत आणली आणि थांबली. "पोर हलती. हात धरायला कुनीतरी पायजे." दोघी-तिघी पुढे झाल्या. "तुमी नगं, तुमच्या हातातली काच हिच्या काचंवर आदळंल. मोकळ्या हाताची बाई पायजे." आणि आत बघून, "ये गं." आई आली. तिने माझं कोपर तिच्या दोन्ही तळव्यांत धरलं. तिचे हात गार होते. उजव्या मनगटावर तो जुना वण होता. चुडा भरून होईपर्यंत, दोन्ही हातांचा, आई माझ्याजवळ बसली. आजी भिंतीला टेकून बघत होती. आजीने शेवटपर्यंत आईच्या कपाळाला कुंकू लागू दिलं नाही, आणि त्याच आजीने जमिनीच्या वेळी धाकट्या लेकाला सांगितलं होतं, 'माझं नाव सुनेच्या नावाखालून हलणार नाही.' त्या दिवशी ती काही बोलली नाही. मी मावशीला नमस्कार केला. पैसे द्यायला गेले तर म्हणाली, "तुझं ऱ्हाऊ दे. मागून देशील."

मावशी २००९ साली गेली. मी तेव्हा पुण्यात होते, परीक्षांचे दिवस होते, मला यायला जमलं नाही. ते पैसे द्यायचे राहिले.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला आणि आमच्या घरात छातीएवढं पाणी चढलं. आईला बोटीतून काढलं तेव्हा तिच्या हातात एक प्लॅस्टिकची पिशवी होती. सातबाऱ्याचे उतारे आणि तो चहापत्तीचा डबा. बाकी सगळं गेलं.

मग कोरोना आला. त्या दोन वर्षांत गावोगाव तरणी माणसं गेली आणि विशी-तिशीतल्या पोरी विधवा झाल्या. ४ मे २०२२ ला आमच्याच शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने ठराव केला: पतीच्या निधनानंतर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं, या प्रथा गावात बंद. शाहू महाराजांच्या निधनाला त्याच आठवड्यात १०० वर्षं होत होती. १७ मे ला राज्याच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढलं आणि सगळ्या ग्रामपंचायतींनी हेरवाडचा कित्ता गिरवावा असं आवाहन केलं. मी पेपर घेऊन गावी गेले आणि आईला सगळं वाचून दाखवलं. ती अडुसष्ट वर्षांची झाली होती. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चांगलं केलं त्यांनी. मला त्या दिवशी कुणी नुसतं इचारलं असतं, तरी बास हुतं."

थोड्या वेळाने उठून तिने डबा काढला. बांगड्या तशाच होत्या, हिरव्या, एकही तडा नाही. तिने एक बोटांवर चढवून पाहिली. संधिवाताने सांधे जाड झालेत, ती मुठीपाशीच अडली. साबण लावू का म्हणून मी विचारलं. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे, उगं वाढंल," आणि परत गुंडाळून ठेवली.

हेरवाडचा ठराव अजून तुमच्या गावात झाला नसेल तर येत्या ग्रामसभेत मांडा. झाला असेल तर तेवढ्यावर थांबू नका. परिपत्रक म्हणजे आवाहन आहे, आणि १९५६ चा पक्का कायदासुद्धा आमच्या दारी आपोआप आला नव्हता. तुमच्या गल्लीत कुणी तरुण माणूस गेला तर दहाव्याच्या आत त्या घरी जा. त्या बाईजवळ बसा, तिला काय हवं ते तिलाच विचारा, आणि कुठल्याही कागदावर सही करू नको म्हणून सांगा.